भाच्याने मागितलेला ड्रम

बेसकुदुक गावच्या दामेतकेन आपांनी आपल्या नवऱ्याला हार्वेस्टरमध्ये घालून मळून काढलं, असं जिल्ह्याच्या बाजारात अजून सांगतात. लोणी विकणाऱ्या बाया हे सांगताना आवाज खाली उतरवतात. "अख्खा आत गेला गं. टोपीसकट. मागून नुसता भुसा." सांगणारीला घाई असेल तर नवरा अर्धाच जातो.

खरं एवढंच, की गेली ती विजार. नवरा, म्हणजे मुकाश आजोबा, धडधाकट आहेत आणि रोज सकाळी दूध घातलेला सात कप चहा पितात. त्या दिवशी त्यांची कापूस भरलेली विजार पावसात भिजली होती. ती त्यांनी मशीनच्या झाकणाच्या आत, उबेला, वाळत घातली आणि स्वतः लांब चड्डीवर पलीकडच्या सावलीत झोपले. आपांना हे कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी पट्टा जोडला, ड्रम फिरला, आतून एक फुसका आवाज आला. आपांनी मशीन बंद केलं आणि झाकण न उघडताच म्हणाल्या, "कापूस आहे. लोखंड नाही."

विजारीचं पुढे काय झालं ते विचारू नका. पण तिची दोन बटणं धान्याच्या टाकीत निघाली, स्वच्छ, एकही चीर नसलेली. आपांना या सगळ्या प्रकरणात फक्त तेवढंच लक्षात ठेवावंसं वाटतं. "बटण फुटलं नाही," त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "मग दाणा कशाला फुटेल?"

आपा बोलतात तेव्हा त्यांच्या ओठांत बहुधा दोन-तीन नट धरलेले असतात. त्यामुळे शब्द डाव्या कोपऱ्यातून, चपटे होऊन बाहेर येतात. जेवताना नट नसतात, तरी शब्द त्याच कोपऱ्यातून येतात. अठराव्या वर्षी त्या सरकारी शेतावर धान्याच्या काट्यावर लागल्या. गाड्या तोलायच्या आणि आकडा लिहायचा, एवढंच काम. पण आपा प्रत्येक गाडीतला मूठभर गहू हातावर घ्यायच्या आणि सगळ्यांसमोर सांगायच्या, "हा काशिमच्या मशीनचा. पाचातला एक दाणा फुटलाय. त्याला सांगा, गहू मळायचाय, सूड नाही घ्यायचा." महिनाभरात ड्रायव्हर इतके वैतागले, की मुकादमाने त्यांना वर्कशॉपात पाठवून दिलं. एवढं कळतंय तर दुरुस्तही कर म्हणाला. शिक्षा म्हणून पाठवलं होतं. पुढे सरकारी शेत बुडालं, वर्कशॉपचं छप्पर कोणीतरी पत्रा-पत्रा करून नेलं, मुकादम मुलाकडे शहरात गेला. आपा आणि त्यांचे पाने तेवढे जागेवर राहिले.

त्यांचं सगळं लक्ष मशीनच्या पोटावर. तिथे एक ड्रम फिरतो. त्याच्या अंगावर आठ लोखंडी पट्ट्या, पट्ट्यांवर तिरप्या खाचा. ड्रमखाली पाळण्यासारखी वाकलेली जाळी. ओंब्या या दोघांच्या मधून जातात, घासल्या जातात आणि दाणे जाळीतून खाली पडतात. ड्रम आणि जाळी यांच्यात पुढे अंगठाभर फट हवी, मागे दोन नाणी मावतील एवढी. आपा ती फट खरोखर अंगठ्याने आणि नाण्यांनीच मोजतात. पट्ट्यांपैकी चारांच्या खाचा डावीकडे झुकलेल्या, चारांच्या उजवीकडे. त्या एकाआड एक लागल्या पाहिजेत, नाहीतर सगळं पीक एका कुशीला सरकतं. आणि समोरासमोरच्या दोन पट्ट्यांचं वजन तंतोतंत एक हवं, नाहीतर ड्रम उड्या मारतो.

हिवाळाभर आपांच्या शेडमध्ये भंगारातून जमवलेल्या पट्ट्या जोडी-जोडीने तारेवर टांगलेल्या असतात. शेजारीच घोड्याच्या मांसाचे सॉसेज वाळत असतात. अंधारात मुकाश आजोबांनी एकदा चुकीचं काहीतरी उतरवून स्वयंपाकघरात आणलं होतं. पट्ट्या तोलायला लोण्याचा तराजू आणि साखरेचे खडे. "ही दोन खडे जड आहे," म्हणायचं, कानस चालवायची, पुन्हा तोलायचं. हिशेब जुळला की खडे चहात.

असा एक ड्रम आपांच्या स्वतःच्या लाल मशीनमध्ये होता. एकोणतीस वर्षं एकाच जाळीवर फिरलेला. इतका जुळलेला, की आपा त्याच्याबद्दल कमी बोलायच्या. दृष्ट लागते.

आता भाचा.

मुकाश आजोबांच्या बहिणीचा मुलगा झांगाबिल चाळीस किलोमीटरवर राहतो. अंगाने दरवाज्याएवढा, आणि काहीही सांगितलं की शेवटी "साधी गोष्ट आहे" म्हणतो. गाय व्याली, साधी गोष्ट आहे. घर जळलं, साधी गोष्ट आहे. आणि तो भाचा आहे, ही मात्र अजिबात साधी गोष्ट नाही. भाच्याने मामाच्या घरातून आयुष्यात तीनदा हवं ते मागावं आणि मामाने ते द्यावं, असा आमच्याकडचा कायदा. जो भाच्याला नाही म्हणेल त्याच्या घरातल्यांचे हात थरथरायला लागतात. झांगाबिलने सातव्या वर्षी शिकारी कुत्रा नेला. लग्नात मामाची साइडकारवाली मोटारसायकल नेली. तिसरं मागणं त्याने अकरा वर्षं राखून ठेवलं होतं, आणि मुकाश आजोबा अकरा वर्षं आपल्या चावऱ्या घोडीकडे आशेने बघत होते.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी तो आला, मागे ट्रॉली जोडून. मटण खाल्लं, तळलेल्या पावाची परात संपवली, तोंड पुसलं.

"मामा, तिसरं मागणं मागायला आलोय."

मुकाश आजोबांचं बोलणं जुन्या इंजिनासारखं, आधी तीनदा खोकतं आणि मग सुरू होतं. ते तीनदा खोकले. "माग की. मामाच्या घरात भाच्याला कसली आडकाठी. घोडीचा लगामसुद्धा तुला देतो."

"घोडी नको. मामींचा ड्रम द्या."

मुकाश आजोबांचं इंजिन पुन्हा खोकायला लागलं. आपा चहा ओतत होत्या. पाहुण्याला अर्धाच कप द्यायचा असतो, म्हणजे तो पुन्हा मागतो आणि गप्पा लांबतात. आपांनी झांगाबिलचा कप काठोकाठ भरला. काठोकाठ कप म्हणजे पी आणि नीघ. झांगाबिलने तो एका दमात संपवला आणि पुन्हा पुढे केला.

"माझ्या ड्रमने दगड गिळला, मामी. दोन पट्ट्या वाकल्या, उरलेल्या गुळगुळीत झाल्यात, माझ्या टकलासारख्या. शहरात नवीन पंधरा दिवसांनी मिळतील. पुढच्या मंगळवारी पाऊस सांगितलाय, त्याच्यामागे बर्फ. साधी गोष्ट आहे."

"तुझा ड्रम इथे ठेव. शुक्रवारी नीट करून देते."

"शुक्रवारपर्यंत माझे दोनशे हेक्टर काय चहा पीत बसतील? तुमचे सत्तरच तर आहेत."

"सत्तरांना तीन दिवस लागतात. आणि माझा ड्रम तुझ्या जाळीवर चालायचा नाही. तो माझ्या जाळीबरोबर एकोणतीस वर्षं नांदलाय. त्या दोघांचं वळण एक झालंय. तू दुसऱ्याचा नवरा उचलून न्यायला निघालास आणि म्हणतोस माझ्या घरी रुळेल."

"मग जाळीही द्या."

"जाळी म्हणजे चौथं मागणं."

झांगाबिल हसला. मामाकडचे आणि भाचे एकमेकांना कितीही टोचू शकतात, राग धरायचा नसतो. "जाळी माझ्याकडे आहे. ड्रम तेवढा चढवू या."

लोखंडी पाइपांवरून घरंगळत तो ड्रम ट्रॉलीत चढला. झांगाबिलने आपला दगड खाल्लेला ड्रम अंगणात लोटून दिला, "भंगारात टाका" म्हणाला, आणि गेला.

"नाही म्हणायला हवं होतं," मुकाश आजोबा म्हणाले.

"तुम्हीच तर माग म्हणालात."

"मला वाटलं घोडी."

आपांनी उजवा हात पुढे धरून पाहिला. बोटं स्थिर होती. या हाताने त्या दोन नाण्यांची फट लावायच्या. तो थरथरला असता, तर ड्रम असून काय आणि नसून काय. म्हणून त्यांनी नाही म्हटलं नव्हतं. पण शनिवारी सकाळी लाल मशीन शेतात उभं राहिलं नाही, तर सत्तर हेक्टर गहू बर्फाखाली जाणार होता, हेही त्या हाताला कळत होतं.

मंगळवारी त्यांनी भंगारातला ड्रम उघडला. पट्ट्या बघितल्या आणि ओठांतले नट काढून हातावर घेतले. मोठं बोलायचं असलं की त्या तसं करतात.

"उजव्या खाचांच्या तीन पट्ट्या ओळीने. गाढवाने लावल्या असत्या तरी एखादी चुकून बरोबर लागली असती. म्हणून याच्या मशीनचा एक खांदा नेहमी भारी."

शेडमधून चार जोड्या उतरल्या. मुकाश आजोबांनी या खेपेला दिवा धरून उतरवल्या. ड्रमच्या टोकाची वाकलेली तबकडी घण मारून सरळ केली. मग ड्रम दोन रुळांवर ठेवून आपांनी हलकेच फिरवला. थांबला की खडूने खूण, पुन्हा फिरवला. दर वेळी तीच खूण खाली. म्हणजे ती बाजू जड. समोरच्या बाजूला आपांनी कणकेने वाळक्या दह्याचा एक गोळा चिकटवला, मग अर्धा, मग चावून पाऊण. पाऊण गोळ्याला ड्रम कुठेही थांबायला लागला. तेवढ्याच वजनाची चकती तिथे बसवली आणि गोळा खाऊन टाकला.

"झाला की मग," मुकाश आजोबा म्हणाले. "आपल्याच मशीनमध्ये बसवू."

आपांकडे आपल्या जाळीच्या वळणाची एक लाकडी कमान कापून ठेवलेली आहे. ती त्यांनी ड्रमला लावली. एका टोकाला घट्ट बसली, दुसऱ्या टोकाला फटीतून चक्क कोंबडी दिसत होती.

"हा आपल्या जाळीवर अर्ध्या ओंब्या तशाच सोडेल आणि उरलेल्याचं पीठ करेल. हा त्याचाच ड्रम. त्याच्याच जाळीचा."

"मग त्याला सांग, बदलून घे."

"दिलेलं परत मागायचं? मामाच्या घराने? तुमची बहीण मरेपर्यंत सांगत फिरेल."

बुधवारी आपांनी दोन बरण्या मटणाचा रस्सा भरला आणि जिल्ह्याच्या दवाखान्यात गेल्या. तिथे झांगाबिलची बायको मकपाल नऊ महिने पूर्ण करून, पाय उशांवर टाकून, कंटाळून पडली होती. तिने बरणीतूनच रस्सा प्यायला.

"मामी, तुम्ही रस्सा द्यायला बासष्ट किलोमीटर आलात?"

"पहिला फोन मला कर."

मकपालने बरणी खाली ठेवली. ती शिक्षिका आहे, तिला प्रश्नामागचा प्रश्न लवकर कळतो. "सासूबाईंच्या आधी?"

"तासभर आधी."

"ड्रमचं ऐकलंय मी. दोन दिवस झाले, त्यांना शेतात फोन लागत नाही. लागतो तेव्हा नुसते दाण्यांना शिव्या देतात." ती हसली आणि पोट धरलं. "हसवू नका. आजच होईल."

आज झालं नाही. गुरुवारीही झालं नाही. गुरुवारी आपांनी तयार ड्रम ट्रॉलीवर चढवला, वर नमद्याची, म्हणजे लोकरीच्या जाड चटईची, घडी टाकली आणि दिवसभर फोन एप्रनच्या खिशात ठेवून बायकांच्या चौकशा झेलल्या. एवढं कोणाच्या बाळंतपणासाठी त्या कधी कासावीस झालेल्या नव्हत्या.

शुक्रवारी सकाळी नऊला फोन वाजला.

"मुलगी, मामी. तीन किलो सहाशे."

"दोघी बऱ्या?"

"बऱ्या. दहाला सासूबाईंना करते. जमेल?"

मुकाश आजोबांनी जीप कधी नव्हे ती पहिल्या किल्लीला सुरू केली. आपांकडे चांगली बातमी होती, आणि चांगली बातमी कोणी फुकट सांगत नाही. आधी "सुयिंशी" म्हणायचं. ऐकणाऱ्याने बातमी काय ते कळायच्या आधीच "हवं ते घ्या" म्हणायचं, आणि मग ते द्यायचं. यातही नाही म्हणता येत नाही. फक्त बातमी पहिली पोचायला हवी. दुसऱ्याला नुसता चहा मिळतो.

चाळीस किलोमीटर, त्यातले बारा खड्ड्यांचे, मागे दोनशे किलोचा ड्रम. "हळू," आपा म्हणत होत्या, "पट्ट्या हलतील." आणि लगेच, "असे काय चालवता, वरातीला निघालात काय?" मुकाश आजोबा दोन्हीला खोकून उत्तर देत होते. एका वळणावर गाई आडव्या आल्या. आपांनी उतरून त्यांना स्वतः हाकललं आणि गुराख्याला त्याच्या आजोबांपासूनचा इतिहास ऐकवला.

दहाला पाच कमी असताना शेत दिसलं. झांगाबिलचं मशीन धूळ उडवत चाललं होतं, आणि आपांना दुरूनच ऐकू आलं. त्यांचा ड्रम परक्या जाळीवर एका बाजूने घासत होता, दर फेऱ्याला एक खरखर. त्यांनी दातांत ओठ धरला.

त्या सरळ मशीनसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि डोक्याचा रुमाल सोडून हलवायला लागल्या. मशीन थांबलं. इंजिन बंद झालं. केबिनचं दार उघडून झांगाबिल शिडीवर आला, तोंड भुशाने पिवळं, कानात कापूस.

"सुयिंशी," आपा म्हणाल्या. त्याला ऐकू गेलं नाही म्हणून कापूस काढायची खूण केली. "सुयिंशी, रे."

"हवं ते घ्या, मामी, हवं ते घ्या. झाली?"

"मुलगी. तीन किलो सहाशे. दोघी बऱ्या आहेत."

तो शिडीवरच बसला. मग रडला, मग हसला, मग खाली उतरून मामांना उचललं आणि ठेवायला विसरला. खाली ठेवल्यावर मुकाश आजोबांनी टोपी सरळ केली. आणि मग झांगाबिलला ट्रॉली दिसली. नमदा दिसला. नमद्याखालचा गोल आकार दिसला.

"मामी," तो म्हणाला, "मला वाटलं तुम्ही घड्याळ मागाल."

"घड्याळाने गहू मळता येत नाही. माझा ड्रम काढ."

"आणि मी?"

"हा तुझाच. सगळ्या पट्ट्या बदलल्या, आता एकाआड एक आहेत. यापुढे त्यांना हात लावलास तर मी भाचा म्हणणार नाही. टाकीतला गहू आण बघू."

तो मूठभर गहू घेऊन आला. आपांनी तळहातावर पसरला. एक बाजू फुटलेली, एक बाजू ओंब्यांतच. त्यांनी तळहात त्याच्यासमोर धरला. त्याने स्वतःच सांगितलं, "चार दिवस असंच येतंय. गिरणीने एक गाडी परत पाठवली. मला वाटलं, तुम्ही ड्रममध्ये काहीतरी करून दिलंय."

"तुला सांगितलं होतं, दुसऱ्याचा नवरा रुळत नाही."

झांगाबिलने "साधी गोष्ट" म्हणायला तोंड उघडलं आणि मग तो पाने आणायला वळला.

संध्याकाळपर्यंत दोन्ही ड्रम आपापल्या दिशेला लागले. त्याचा त्याच्या जाळीवर बसला, तेव्हा आपांनी मागच्या फटीत दोन नाणी घालून पाहिली, ती खाली सरकली आणि अडकली नाहीत. हात थरथरला नाही. शनिवारी पहाटे लाल मशीन शेतात शिरलं आणि सोमवारी सूर्य मावळायच्या आत बाहेर आलं. झांगाबिलचे तीस हेक्टर पावसात सापडले, पण ते सगळ्यांचेच कुठे ना कुठे सापडतात.

आता माझं. शुक्रवारी ते जीप काढत होते तेव्हा मी फाटकाशी सायकलवर उभा होतो. नमद्याखाली काय आहे हे सगळ्या गावाला माहीत होतं. मी आपांना म्हटलं, तो भाचा आहे, मूर्ख नाही. ट्रॉली बघेल, गप्प बसेल, आधी बातमी काय ते विचारेल. आजकाल कोणी न विचारता "हवं ते घ्या" म्हणत नाही.

आपांनी ओठांतले नट हातावर काढले. "शिडीवरून खाली पाय टेकण्याआधी म्हणेल. काय लावतोस?"

माझ्याकडे लावण्यासारखं त्या क्षणी जे होतं, त्यावर मी बसलो होतो. मुकाश आजोबा आता ती सायकल रोज सकाळी दुकानापर्यंत चालवत नेतात आणि माझ्या घरावरून जाताना काही कारण नसताना घंटी वाजवतात.